कोठारापासून कणगीपर्यंत
चंद्रपूर ते भामरागड : एका वाटेवरची दुकाने

आपल्याकडे दुकान म्हणजे एक ओटा, एक तराजू आणि ओळखीचा दुकानदार. शहरात मात्र आता निराळी दुकाने झाली आहेत. गिऱ्हाईक आत शिरते, चाकाच्या गाडीत हवे ते स्वतःच्या हाताने भरते आणि दाराशी पैसे देऊन बाहेर पडते. नागपूर-पुण्याला लेकीकडे जाऊन आलेली मंडळी या दुकानांचे वर्णन मोठ्या नवलाने करतात. दिव्यांचा झगमगाट, थंड हवा, तांदळाच्या वीस तऱ्हा. पण परवा मूल तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंनी मला जो प्रश्न विचारला, तो कोणी फारसा विचारत नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, रोज एवढे लोक नेतात, तरी थो माल सरत कसा नाही जी?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचे उत्तर शहरात जाऊन शोधायला नको. चंद्रपूरहून निघून मूल, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली असे करत भामरागडला जाणारी जी वाट आहे, तिच्यावर ते सापडते. कारण याच वाटेवर आपल्या स्वतःच्या दुकानांची एक साखळी पसरली आहे. तिला आपण रेशनचे दुकान म्हणतो. देशात अशी पाच लाखांहून अधिक दुकाने आहेत. एवढी दुकाने कोणत्याही शेठजीजवळ नाहीत. विस्ताराच्या कामामुळे ही वाट माझ्या पायाखालची झाली आहे. चला, आज आपण मिळून त्या वाटेने जाऊ.

दुकान दिसते, कोठार दिसत नाही

निघण्यापूर्वी त्या मोठ्या दुकानांचे गुपित थोडे समजून घेऊ. आपल्या महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे डी-मार्ट. राधाकिशन दमाणी यांनी मुंबईत पवई येथे २००२ साली पहिले दुकान काढले. मार्च २०२५ अखेर दुकानांची संख्या ४१५ झाली. ही वाढ कशाने झाली? एक तर, हे लोक बहुतेक जागा भाड्याने न घेता विकत घेतात, त्यामुळे दरमहा भाड्याचा बोजा नाही. दुसरे, माल देणाऱ्याचे पैसे ते लवकर चुकते करतात. ज्याला पैसा वेळेवर मिळतो तो भाव कमी करून देतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नवे दुकान काढायचे ते आधीच्या दुकानांच्या आणि कोठाराच्या आसपास. एक कोठार, त्याच्याभोवती दुकानांचा पुंजका, मग पुढचे कोठार.

ही रीत अमेरिकेतल्या सॅम वॉल्टन यांनी आधी पक्की करून दाखवली. त्यांचे पहिले वॉलमार्ट दुकान १९६२ साली रॉजर्स नावाच्या लहानशा गावात निघाले. त्यांचा दंडक असा, की कोठारातून निघालेला ट्रक एका दिवसात दुकानावर पोचला पाहिजे. त्याहून दूर दुकान काढायचे नाही. त्यांच्या कोठारात माल फार काळ पडून राहत नाही. एका दाराने कारखान्याचा ट्रक येतो, दुसऱ्या दाराला दुकानाचा ट्रक लागलेला असतो, आणि पुष्कळसा माल इकडून तिकडे सरकतो. दुकानावर माल टाकून परतणारा ट्रकही शक्यतो रिकामा येत नाही, वाटेतल्या कारखान्याचा माल भरून घेतो.

आणि सरलेले कळते कसे? पुड्यावर काळ्या रेघांची पट्टी असते ना, तिच्यामुळे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या दुकानात अशी पट्टी पहिल्यांदा मशीनने वाचली गेली, आणि ती होती च्युइंग गमच्या पाकिटावर. आज पुडा विकला गेला की त्याच क्षणी हिशेबात एक कमी होतो. कोठाराला कळते की अमुक दुकानात तांदूळ उतरत चालला, उद्याच्या गाडीत घाला. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. माल सरत नाही, कारण सरण्याआधीच कोणीतरी तो मोजलेला असतो.

मूलच्या गिरण्या आणि दादाजींचा तांदूळ

आता वाटेला लागू. चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाबाहेर पडून चिचपल्लीचे जंगल ओलांडले की मूल येते. येथून धानाचा मुलूख सुरू होतो. बांध्याच बांध्या, आणि रस्त्याच्या कडेला राईस मिलची धुराडी. धान येथे पिकते, येथेच भरडले जाते आणि तांदूळ होऊन देशभर जाते.

मूलहून उत्तरेला सिंदेवाही, आणि त्यापुढे नागभीड तालुका. या तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे राहत. थोडीशी जमीन आणि बेताचे शिक्षण. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले. बारीक दाण्याचा, शिजल्यावर मऊ राहणारा, उताऱ्यालाही चांगला असा वाण हाती आला. त्या काळी एचएमटी घड्याळाची मोठी चलती होती, म्हणून तांदळाचे नावच एचएमटी पडले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

आज मोठ्या दुकानात एचएमटीची थैली मांडलेली दिसते. थैलीवर भाव असतो, वजन असते, कंपनीचे नाव असते. दादाजींचे नाव नसते, आणि वाण देशभर पोचला तरी त्यांचे दिवस गरिबीतच गेले. साखळीत माल फार दूर जातो, माणसाचे नाव मात्र पहिल्या कोठारातच गळून पडते. शेतकऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आपला माल कोणाच्या नावाने विकला जातो यावर त्याचा भाव ठरत असतो.

वैनगंगेपलीकडे

सावली, व्याहाड ओलांडले की वैनगंगेचा पूल लागतो आणि आपण गडचिरोलीत शिरतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर, तालुके १२, आणि तीन चतुर्थांश भाग जंगल. रेल्वे अनेक वर्षे फक्त उत्तरेच्या टोकाला, देसाईगंज म्हणजे वडसा येथे. खाली सिरोंच्यापर्यंत सगळा भार रस्त्यांवर, आणि रस्त्यांचा भार पुलांवर.

या मुलखात धान खरेदीची साखळी अशी चालते. आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ आणि इतर भागात मार्केटिंग फेडरेशन हमीभावाने धान घेते. महामंडळाची स्थापना १९७२ सालची. गावातली आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था केंद्र चालवते. शेतकरी बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर घेऊन येतो, ओलावा तपासला जातो, धान बारदान्यात भरून काट्यावर चढते. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. २०२५-२६ च्या हंगामाला साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. पूर्वी शेतकऱ्याला हुंडी मिळे, म्हणजे पैसे मिळण्याचा कागद. आता रक्कम बँकेच्या खात्यात जाते.

पुढे धान गिरणीत जाते. सरकारी हिशेबाने एक क्विंटल धानामागे गिरणीवाल्याने ६७ किलो तांदूळ परत द्यायचा. कणी, कोंडा, तूस त्याच्याकडे राहते. तो तांदूळ सरकारी गोदामात, तेथून तालुक्याच्या गोदामात, तेथून सरकारी खर्चाने रास्त भाव दुकानाच्या दारात येतो. दुकानातून अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य, आणि प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

आता गंमत बघा. ज्या घराने दिवाळीनंतर धान विकले, त्याच घरी उन्हाळ्यात तांदूळ परत येतो. बांधीतून केंद्र, केंद्रातून गिरणी, गिरणीतून गोदाम, गोदामातून दुकान आणि दुकानातून पुन्हा घरची कणगी. एवढा फेरा झाला. या फेऱ्यात चार वेळा वजन होते आणि चार वेळा कागद होतो. कोठारवाल्या कंपनीत दर टप्प्याला मोजणारे मशीन असते. आपल्या साखळीतही आता दुकानावर अंगठा घेणारी ई-पॉस मशीन आली आहे. पण जेथे मोबाईलला रेंज नाही तेथे ती मुकी होते. आणि मधल्या टप्प्यांवर गोदाम पुरले नाही, तर धान ताडपत्रीखाली उघड्यावर थांबते. अवकाळीच्या एका सरीने दाणा काळा पडतो. साखळी तुटते ती नेहमी अशा थांबण्याच्या जागीच.

पावसाचे वेळापत्रक

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, मग आलापल्ली. आलापल्लीचा साग पूर्वीपासून नावाजलेला. येथून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. दोन्ही बाजूला दाट रान. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा, जेथे १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाताई आमटे यांनी माडिया बांधवांसाठी दवाखाना चालवला. पुढे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात.

पाहायला हा संगम फार सुंदर. पण माल पोचवणाऱ्याला विचारा! पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. नाल्यांपलीकडच्या गावांची गोष्ट तर विचारूच नका. वॉल्टन साहेबांचा एका दिवसाचा दंडक येथे लावला असता तर भामरागडला दुकानच निघाले नसते. मोठी साखळी आपले गिऱ्हाईक निवडते. रस्ता चांगला, वस्ती दाट, खिशात पैसा, तेथेच ती जाते. तिला दोष देण्याचे कारण नाही, तिचा तो धंदाच आहे. रेशनच्या साखळीला मात्र अशी निवड करता येत नाही. पुलापलीकडे माणूस राहतो ना, मग धान्य पुलापलीकडे गेलेच पाहिजे.

म्हणून येथे वेगळी रीत आहे. १९९५ साली राज्याने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू केली. तिच्यात अशी तजवीज आहे, की पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे धान्य पाऊस लागण्याआधीच पोचवायचे. आतल्या भागातल्या एका दुकानदार भाऊंनी मला हे सगळे एका वाक्यात सांगितले, "पाऊस लागला का रस्ता बंद होते जी, म्हनून मिरगाच्या आंधी भरून ठेवाव लागते."

याचा हिशेब करून पाहा. शंभर अंत्योदय कार्डांचे गाव धरा. एका कार्डाला महिन्याला ३५ किलो, म्हणजे चार महिन्यांचे १४० किलो. शंभर कार्डांचे १४० क्विंटल. ५० किलोची २८० पोती. दहा टनांच्या ट्रकला दोन खेपा, आणि पोती ठेवायला कोरडी खोली. ट्रक मे महिन्यात नाही मिळाला आणि खेप जूनच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली, तर एखादा नाला सगळे गणित मोडून टाकतो. मग रोवणीच्या दिवसांत, जेव्हा घरची कणगी खाली झालेली असते आणि अंगमेहनत सर्वांत जास्त असते, तेव्हाच चूल थंडावते. शहरातल्या दुकानात माल उशिरा आला तर एक फळी रिकामी दिसते. येथे उशीर झाला तर लेकरू उपाशी झोपते. दोन्ही साखळ्यांतला खरा फरक हा आहे.

आठवडी बाजाराची जुनी साखळी

रेशन नव्हते तेव्हाही या रानात माल येत होता. तो आठवडी बाजाराने येई. बाजार आज या गावी, उद्या त्या गावी. व्यापाऱ्याची एकच गाडी आठवड्याभरात पाच-सहा गावे करी. येताना मीठ, कापड, भांडी. जाताना मोहफूल, चारोळी, हिरडा, डिंक, लाख. गाडी भरून यायची आणि भरूनच जायची. वॉलमार्टने जे मोठ्या हिशेबाने केले ते आपल्या बाजारकऱ्याला आधीच ठाऊक होते. फक्त एक गोष्ट वाईट होती. वजन, भाव आणि उधारीची वही, तिन्ही एकाच्या हातात. मिठाच्या बदल्यात चारोळी कशी गेली, हे जुनी माणसे अजून सांगतात. १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी राज्याने कायदा केला आणि एकाधिकार खरेदी आली, ती यावरच उपाय म्हणून.

पण उपाय केवळ कायद्याने होत नाही, हे मेंढा (लेखा) गावाने दाखवले. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला हे गोंड वस्तीचे गाव आहे. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकायला सुरुवात केली. एकेकट्याने बांबूची मोळी विकली असती तर भाव व्यापाऱ्याने सांगितला असता. सारे गाव एका ठिकाणी, एका दिवशी, एका हिशेबाने विकायला बसले, तेव्हा घेणाऱ्यालाच त्यांच्या दारी यावे लागले. मोठ्या खरेदीदाराला नेमके हेच हवे असते. एक जागा, एक प्रत, ठरलेली तारीख. हे आपण दिले तर भाव बोलण्याची ताकद आपल्याकडे येते.

आपण काय करावे

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, एवढी वाट चाललो ती नुसती गंमत म्हणून नाही. मोठ्या दुकानांकडून त्यांचा झगमगाट घेण्यासारखा नाही, मोजण्याची सवय मात्र घेण्यासारखी आहे. त्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, तारीख. गाव पावसात तुटणारे असेल, तर एप्रिलच्या ग्रामसभेतच विचारा, चार महिन्यांचे धान्य कोणत्या तारखेला येणार? उत्तर ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेला द्या. मे महिना उजाडल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरी, वजन. गाडी आली की पोती मोजायला गावातली दोन माणसे उभी करा, त्यात एक बाई असू द्या. घरात किती दिवसांचे पुरते हे तिलाच नेमके ठाऊक असते. गावात दक्षता समिती असते, तिचे सदस्य कोण ते माहीत करून घ्या. दुकानात साठ्याचा फलक रोज लिहिला पाहिजे. तो वाचायला शाळकरी मुलांना सांगा. दुकानदार भला माणूस असेल तर त्यालाही हे आवडते, कारण त्याच्यावरचा संशय फिटतो.

तिसरी, साठवण. चार महिन्यांचे धान्य एकदम घरी आले तर ते टिकले पाहिजे. पोती जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या किंवा बांबूचा माच करा. भिंतीपासून हातभर अंतर सोडा, म्हणजे ओल लागत नाही. जुनी पोती आधी उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा, सोंडे आणि त्यांची अंडी मरतात. कणगी, ढोली शेणामातीने लिंपून भेगा बुजवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. घरचे धान ठेवायचे तर दाणा दाताखाली कडकन फुटेल इतके वाळवा. जुने धान्य आधी खा, नवे मागे ठेवा. मोठ्या कोठारातही हाच नियम असतो, जो माल आधी आला तो आधी बाहेर.

चौथी, विक्री. केंद्रावर नेण्याआधी धान दोन-तीन उन्हे चांगले वाळवा आणि उफणून न्या, म्हणजे ओलाव्याच्या नावाखाली परत फिरावे लागत नाही. सातबारा आणि बँक पासबुक घेऊन हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदणी करा. काट्यावर आपले वजन आपण वाचा आणि पावती घेतल्याशिवाय बैल जुंपू नका. हातखर्चासाठी दोन पोती व्यापाऱ्याला द्यावी लागली तर द्या, पण सारे खळे पडेल भावात देऊ नका. एचएमटीसारखे बारीक धान असेल, तर गटाने एकत्र या, प्रत सांभाळा, गिरणीवर भरडून गावाच्या नावाची थैली करा. गावाचे नाव थैलीवर गेले, तर भावही गावाकडे येईल.

साखळी कितीही मोठी असो, तिची शेवटची कडी आपल्या घरची कणगी आहे. त्या कडीशी उभे राहून मोजणारा माणूस आपणच असले पाहिजे. यंदा मृग लागण्याआधी आपल्या गावच्या गोदामात किती पोती आली, हे गावातल्या प्रत्येक घराला तोंडपाठ असावे.